सपाट रस्त्यावर पाय दमत नाहीत, बूड दमतं

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: सांगलीत विश्रामबागेत राहता, वय 46, नवरा आणि नववीतला मुलगा यांना घेऊन डिसेंबरअखेर राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दोन दिवस भाड्याच्या सायकलींवर फिरायचं ठरवलंय. रस्ता सगळा सपाट, आत गाड्या नाहीत, मग वेगळी तयारी लागते का? आणि लागत असेल तर सांगलीच्या आसपास सरावाला तसाच झाडीतला, सपाट, बिनवाहनांचा रस्ता कुठं आहे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही. तिन्ही एका ठिकाणी आपल्याकडं मिळत नाहीत. सपाट पाहिजे तर कृष्णाकाठ आहे, पण तिथं ऊस आहे, जंगल नाही. जंगल पाहिजे तर सागरेश्वर आहे, दंडोबा आहे, पण तिथं चढ आहे. याचं कारण साधं आहे. आपल्याकडची सपाट जमीन म्हणजे काळं रान, आणि असलं रान कोणी झाडांना सोडत नसतं. ते नांगराखाली गेलं. झाडांच्या वाट्याला राहिले ते माळ आणि डोंगर.

मग भरतपूरला सपाट जंगल उरलं कसं? राजाच्या शिकारीमुळं. ती मुळात सखल, पाणी साठणारी जागा. अठराव्या शतकात सूरजमल महाराजांच्या काळात अजान बांध झाला, त्याचं पाणी इथं यायला लागलं आणि पुढं संस्थानानं ती बदकांच्या शिकारीसाठी राखली. 12 नोव्हेंबर 1938 ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पाडले होते. तसल्या नोंदी आत केवलादेवाच्या देवळाजवळ दगडावर कोरून ठेवल्यात, मुलाला जरूर वाचायला लावा. तुमच्या मुलानं व्हिडिओत बघितलेलं नेदरलँड्समधलं होगे वेलुवे, जिथं पांढऱ्या सायकली फुकट वापरायला ठेवलेल्या असतात, तेही एका श्रीमंत कुटुंबाचं शिकारीचंच रान. जमीन रेताड, म्हणून शेतीतून सुटलेली. म्हणजे आज आपण ज्या सपाट जंगलातून निवांत सायकल चालवतो ती बहुतेक कुणाच्या तरी बंदुकीनं राखलेली आहेत. असो.

आता मुख्य प्रश्न. मी गेली बावीस वर्षं सांगलीत सायकली दुरुस्त करतोय, लोकांना लांब फिरवून आणतोय, आणि भरतपूरला तीनदा जाऊन आलोय. "सपाट आहे म्हणजे सोपं आहे" हे वाक्य दुकानात आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. पायांपुरतं ते खरं आहे. बाकीच्या अंगाला ते लागू होत नाही.

आपल्या अंगणातल्या घाटाचंच बघा. चढाला तुम्ही सीटवरून उठता, उताराला पॅडल थांबवून बसता, वळणावर अंग तिरकं होतं. नकळत बूड हलतं, हाताची पकड बदलते, पाठ मोकळी होते. सपाट रस्त्यावर यातलं काही होत नाही. पॅडल सोडलं की सायकल थोड्या वेळात थांबते, म्हणून पाय चालूच राहतात, आणि तुम्ही एकाच जागी, एकाच कोनात, तासन् तास बसून राहता. तळव्यांना मुंग्या येतात, मान धरते आणि बसायच्या जागी जे होतं ते सांगायला नको. त्यात भरतपूरला तुम्ही पक्षी बघायला जाणार. म्हणजे दर दोनशे मीटरवर थांबणार, उतरणार, दुर्बीण लावणार, परत चढणार. मी एकदा सहज मोजलं होतं. सकाळच्या चार तासांत तेवीस किलोमीटरही झाले नव्हते, पण सायकलवर चढ-उतर साठच्या पुढं गेली होती. ज्यांना सवय नाही त्यांची मांडी दुसऱ्या दिवशी त्या चढ-उतरीनं दुखते, अंतरानं नाही.

त्यामुळं तुमच्या तयारीत "रोज वीस किलोमीटर" वगैरे आकड्यांना फारसा अर्थ नाही. तीन गोष्टी पाहिजेत: दोन तास सीटवर बसायची सवय, हळू चालवता येणं आणि न लंगडता उतरता-चढता येणं.

हळू चालवण्याबद्दल लोक हसतात, पण तेच अवघड. शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकलिंगची शर्यत आठवते का? शेवटी पोचेल तो पहिला. बहुतेक पोरं पाच मीटरवर पाय टेकायची. ताशी सात-आठ किलोमीटरच्या खाली सायकल आपोआप सरळ राहत नाही, ती तुम्हाला हँडलनं सावरत न्यावी लागते. युक्ती एवढीच, की नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही, दहा-पंधरा पावलं पुढं ठेवायची. मागचा ब्रेक अगदी किंचित दाबून ठेवायचा आणि त्याच्याविरुद्ध हलकं पॅडल मारत राहायचं. त्यानं सायकल ताणून धरल्यासारखी स्थिर होते. सोसायटीच्या आवारात रोज दहा मिनिटं तिघांनी शर्यत लावा. मुलगा जिंकेल, चालायचंच.

गिअरचं बोलतो. तुमच्याकडं गिअरची सायकल आहे असं लिहिलंय. तिथं भाड्यानं मिळते ती बहुधा साधी, बिनगिअरची, मोठ्या चाकाची. अशा सायकलला पॅडलच्या एका पूर्ण फेरीत साधारण पाच-साडेपाच मीटर अंतर जातं. ताशी दहा किलोमीटर म्हणजे मिनिटाला 167 मीटर, म्हणजे मिनिटाला फक्त तीसेक फेऱ्या. इतक्या सावकाश फिरणाऱ्या पॅडलवर प्रत्येक दाब जड बसतो, आणि थांबलेली सायकल उचलताना तो सरळ गुडघ्यावर येतो. म्हणून सुरुवात करताना बसून जोर लावू नका. वरचं पॅडल किंचित पुढं आणा, त्यावर अंगाचं वजन टाकून उभ्यानं निघा, दोन फेऱ्या झाल्या की बसा. हा सराव घरच्या सायकलवर करायचा तर गिअर मधल्या दातावर ठेवा आणि महिनाभर तो विसरून जा.

सीटच्या उंचीबद्दल दुकानात रोज भांडतो. आपल्याकडं, विशेषतः बायकांना, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी खाली सीट लागते. भीती समजते मला. पण खाली सीट म्हणजे गुडघा कायम दुमडलेला, आणि तासाभरानं गुडघ्याच्या वाटीपुढं कळ यायला लागते. माप सोपं आहे: सीटवर बसायचं, पॅडल सगळ्यात खाली आणायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात बरोबर तेवढी लवण राहते. थांबताना सीटवर बसून थांबायचंच नाही, पुढं सरकून सीटवरून उतरून एक पाय टेकायचा. हे जमलं की उंच सीटची भीती संपते. दोन आठवडे लागतात, जास्त नाही.

आता भाड्याची सायकल घेताना. इथं जरा सविस्तर सांगतो, कारण दिवस तिथंच घडतो किंवा बिघडतो. भाड्याची सायकल जगात कुठलीही असो, ती कुणाचीच नसते, त्यामुळं तिचे लाड कोणी केलेले नसतात. सकाळी गर्दीत घाई करू नका. पुढचं चाक उचलून हातानं फिरवा. ब्रेकच्या गुटक्यांमधून ते सरळ जातंय की डावीकडं-उजवीकडं नाचतंय ते बघा. आऊट गेलेलं चाक सपाट रस्त्यालाही गुटक्याला घासत राहतं आणि तुम्हाला वाटतं आपलीच ताकद कमी. मग ब्रेक दाबून सायकल पुढं ढकला. दांड्याचे ब्रेक असतील तर दवानं ओली रिम पहिल्या दाबाला धरत नाही, हे लक्षात ठेवून लवकर दाबायला सुरुवात करा. टायर अंगठ्यानं दाबा. अंगठा सहज आत जात असेल तर हवा मारून घ्या. नंतर पॅडल उभं-आडवं हलवून बघा. टक-टक वाजलं तर कॉटर, म्हणजे पॅडलचा दांडा घट्ट धरणारी खीळ, ढिली आहे, ती सायकल घेऊ नका, वाटेत ठोकायला हातोडा कुठून आणणार? आणि सगळ्यात शेवटी कुलूप. चावी लावून, काढून, परत लावून बघा. मी एका ठिकाणी हे केलं नव्हतं. कुलूप लागलं, उघडेना, आणि मागचं चाक खांद्यावर उचलून दीड किलोमीटर चालत आलो. भाडेवाल्यानं वर माझ्याकडूनच कुलपाचे पैसे घेतले.

बॅगेत एक छोटा अॅडजस्टेबल पाना ठेवा. सीट वर-खाली करायला तो लागतोच, आणि तुमच्या मुलासाठी तर नक्की. आणि जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंदीच्या चार-पाच पट्ट्या. हे कशाला ते सांगतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तरुण होतो आणि रस्ता मोकळा दिसला की पाय थांबत नसत. गेटपासून देवळापर्यंत आणि तिथून पुढं, सगळं सकाळी नऊच्या आत दोनदा करून आलो. बघितलं काय, तर नीलगाय आणि बरीचशी बदकं, तीही उडालेली. परत येताना एका बाभळीखाली एक म्हातारा सायकलरिक्षावाला दोन पाहुण्यांना घेऊन थांबला होता. तिघंही खोडाकडं बघत होते. मी जवळ गेलो तसं काहीतरी भुर्रकन गेलं. पिंगळे होते, ढोलीत, जोडी. मी ओशाळलो. तो रागावला नाही, माझ्या सायकलकडं बघून एवढंच म्हणाला, "आपका स्टैंड बज रहा है." खरंच. स्टँडची स्प्रिंग सैल होती आणि प्रत्येक खळग्याला खडखड होत होती. मला ती दोन तासांत ऐकूच आली नव्हती, कारण सांगलीच्या रस्त्यावर असले आवाज कानाला लागतच नाहीत. त्यानं सीटखालून रबराची पट्टी काढली, स्टँड कॅरिअरला आवळून बांधला, मडगार्ड आणि त्याची तार यांच्यामध्ये कागदाची घडी सारली. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर सायकलखाली वाजत होता तो फक्त टायरखालचा पाचोळा. पिंगळे परत ढोलीच्या तोंडाशी आलेले मी त्याच दिवशी संध्याकाळी बघितले.

म्हणून ट्यूबच्या पट्ट्या. गाड्या नसलेल्या रस्त्याचा फायदा नुसता सुरक्षिततेचा नसतो, शांततेचा असतो, आणि ती शांतता मोडणारं तिथं तुमच्याशिवाय दुसरं फारसं कोणी नसतं. घंटी वाजवू नका, हाक मारू नका. मुलाला सांगा, पुढं जाऊन थांबायचं, लांबून ओरडायचं नाही.

एक सकाळ तुम्ही रिक्षाही घ्या, असा माझा आग्रह आहे. सायकलप्रेमी असून सांगतो. त्या रिक्षावाल्यांची नजर वर्षानुवर्षं तयार झालेली असते. पहिल्या सकाळी त्यांच्यासोबत जा, कुठल्या झाडावर काय बसतं ते कळेल, मग दुपारपासून सायकल.

पंक्चरचं. केवलादेवमध्ये विलायती बाभूळ माजली होती, वनखात्यानं पुष्कळ काढली, तरी काटे आहेत. मुख्य डांबरी रस्त्यावर त्रास कमी, कडेच्या कच्च्या बांधांवर जास्त. आपल्याकडच्या सराट्यांनी तुम्ही शिकलेलाच असाल: सायकल कडेला झुडपाला टेकवू नका, रस्त्यातच स्टँडवर लावा. पंक्चर झालंच आणि स्वतः काढायचं ठरवलं, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवा, किंवा कापसाचा बोळा फिरवा, तो अडकतो तिथं काट्याचं टोक असतं. बाभळीचा काटा बाहेरून तुटतो आणि टोक रबरात राहतं. ते न काढता ट्यूब घातली की दहा मिनिटांत दुसरं पंक्चर. आठवड्याला चार गिऱ्हाइकं माझ्याकडं "ट्यूबच खराब दिली" म्हणून येतात, आणि टायरमधून तेच टोक निघतं.

आता सराव कुठं. गणपती आत्ताच गेलेत, म्हणजे तुमच्याकडं तीन महिने आहेत. दिवाळीपर्यंत हरिपूर. सांगलीतून निघालं की चिंचेच्या जुन्या झाडांचा रस्ता, पहाटे सहाला जवळपास मोकळा, चढ नावालाही नाही. संगमेश्वराच्या देवळापाशी कृष्णा-वारणेच्या संगमावर थांबायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. अंतर थोडं आहे म्हणून नाक मुरडू नका, तेच दोनदा करा, आणि मधे मुद्दाम दहा वेळा थांबा, उतरा, एखादं झाड बघा, चढा. लोक बघतील. बघू देत.

आठवड्यातून एकदा लांब जायचं तर कर्नाळ, नांद्रे, वसगडे करत भिलवडीकडं. जाऊन-येऊन पन्नासच्या घरात जाईल, सुरुवातीला नांद्र्यावरूनच फिरा. पण हे दिवाळीच्या आत उरका. एकदा कारखान्यांची धुराडी पेटली की हा रस्ता आपला राहत नाही. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, टेपवर गाणी मोठ्यानं, मागून तुमची घंटी काय, बसचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. मागची ट्रॉली वळणावर आत येते, हे विसरून कडेनं घुसलेला माझा एक चांगला सायकलवाला दोस्त चरीत गेला होता, नशीब म्हणून खरचटण्यावर निभावलं. शिवाय ट्रॅक्टरच्या चाकांना लागून रानातली काळी माती डांबरावर येते. कोरडी असताना काही नाही, दव पडलं की साबण. त्यावर ब्रेक मारायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, सरळ निघून जायचं.

वाऱ्याचा एक नियम पाळा. सपाट मुलखात वारा हाच घाट. निघताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलटं केलं की येताना दमलेल्या पायांना वारा आडवा येतो आणि पुढच्या रविवारी कोणी अंथरुणातून उठत नाही.

सागरेश्वरचं लोक सुचवतील. जागा सुंदर आहे. धों. म. मोहित्यांच्या चिकाटीतून उघड्या डोंगरावर माणसांनी उभं केलेलं ते रान, 1985 साली अभयारण्य झालं, पावणेअकरा चौरस किलोमीटरचं. सांबर, चितळ दिसतात. पण चढ आहे, आणि तुमच्या कामाचा सराव तिथं होणार नाही. सहल म्हणून जा, सायकल आत नेता येते का ते आधी गेटवर विचारून. दंडोबाचंही तेच.

कपड्यांचं थोडक्यात. पॅडवाली शॉर्ट घ्या, वरून सलवार घाला, आत दुसरं काही घालायचं नाही, शिवणी घासतात. सीटवर चढवायचं जेलचं कव्हर मला आवडत नाही, भाड्याच्या रुंद सीटवर ते सरकतं आणि तुम्ही दिवसभर ते सरळ करत बसता. ओढणी गाठ मारून ठेवा, बिनगिअरच्या सायकललाही चेनकव्हर असेलच असं नाही. हातमोजे दोन कारणांनी: तळव्यांसाठी आणि थंडीसाठी. भरतपूरची डिसेंबरची सकाळ ही सांगलीची थंडी नव्हे. धुकं असलं तर पहाटे पाचला उठून गेटवर उभं राहण्यात काही हशील नाही, दहा फुटांवरचं झाड दिसत नाही. ऊन वर येऊ द्या. उन्हाला अजगरही बिळाबाहेर येऊन पडतात, आणि त्या वेळी रस्त्याच्या कडेला पाय टेकण्याआधी बघून टेका. खाऊची पिशवी हँडलला लटकवू नका, माकडं आहेत.

जायला मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट मथुरेला उतरवते, तिथून भरतपूर पस्तीस-चाळीस किलोमीटर. स्वतःच्या सायकली रेल्वेतून न्यायचा विचार तुम्ही लिहिलाय तो सोडा. दोन दिवसांसाठी तीन सायकली बांधणं, चढवणं, उतरवणं यात निम्मा उत्साह तिथंच जातो. फक्त स्वतःची पॅडवाली शॉर्ट, पाना आणि पट्ट्या न्या. पट्ट्यांसाठी दुकानात या, फाटक्या ट्यूबचा ढीग पडलाय, कापून देतो, पैसे नाहीत. येताना मुलालाही आणा, पानाही त्याच्याच हातात देऊन सीट कशी लावायची ते दाखवतो.